तिसऱ्या थांब्यावरची टेकडी

नांगरमामांना मुतखडा झाला आणि समुद्राचं शास्त्र कोलमडलं. ऐकणाऱ्याला वाटेल, सकाळी सकाळी कुणीतरी थापा ठोकतंय. पण शप्पथ, यात एक शब्द खोटा नाही. फक्त नाजूक कानाच्या मंडळींनी आत्ताच उठून जावं, कारण पुढे मुताशिवाय फारसं काही नाही.

मामा म्हणजे समुद्र-संशोधन संस्थेच्या बोटीवरचे नावाडी. बावीस वर्षं त्यांनी एकच बोट चालवली. नांगर टाकायचा, नांगर उचलायचा आणि मधल्या वेळात इंजिनाला त्याच्या सात पिढ्यांवरून शिव्या द्यायच्या, हे त्यांचं काम. बोट लहान. तिच्यावर छप्पर होतं, कंदील होता, जीवरक्षक जाकिटं होती, बाटल्यांची सहा खोकी होती. संडास तेवढा नव्हता. ज्यांनी ती खरेदी केली त्यांनी ती कागदावरच पाहिली होती, आणि कागदावर माणसाला लागत नाही.

दर मंगळवारी सकाळी सातला बोट सुटायची. त्याआधी मामा धक्क्यावरच्या टपरीत दोन मोठे पेले चहा रिचवायचे. समुद्रात ठरलेले पाच थांबे होते. पहिल्या दोन थांब्यांवर दहा-दहा मिनिटांचं काम, नांगर टाकायचीही गरज नाही. तिसरा मात्र निवांत: नांगर टाकून चाळीस मिनिटं जाळं सोडायचं, पाणी घ्यायचं, बाटल्या भरायच्या. तोवर साडेआठ वाजलेले असायचे आणि दोन पेले चहा खाली उतरून दार ठोठावायला लागलेला असायचा. मग मामा घसा खाकरून म्हणायचे, “जरा दोर बघून येतो.” आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या दोराजवळ जाऊन उभे राहायचे.

हा त्या बोटीचा शिष्टाचार होता. मामा दोर बघायला गेले की मागची सगळी विद्वान मंडळी शांतपणे पाठ फिरवायची आणि क्षितिजाकडे असं बघायची, जसं काही तिथून पाहुणे येणार आहेत. नव्या माणसाला हे कुणी शिकवत नसे. तोही पहिल्याच फेरीत आपोआप वळायचा.

मोठे साहेब संस्थेचे प्रमुख. त्यांना नुसतं पाठ फिरवून उभं राहणं जमत नसे. वेळ फुकट घालवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून नेमके त्याच वेळी ते मागच्या टोकावरून बादली पाण्यात सोडायचे. बावीस वर्षं, दर मंगळवारी, पुढे मामा आणि मागे साहेब. दोघंही आपापल्या कामात अगदी तल्लीन.

आता साहेब त्या पाण्यात शोधत काय होते? तर प्राणीप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारके जीव. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पण मिशा अंगापेक्षा लांब. मामा त्यांना ‘बारकी मंडळी’ म्हणायचे. बोटीवर पाहुणे आले की साहेब त्यांना तासभर व्याख्यान द्यायचे, आणि सुकाणूवर बसून ऐकून ऐकून ते मामांना पाठ झालं होतं. फक्त मामांची भाषा वेगळी होती. ते सांगायचे, “हे बघ, पाण्यात तरंगणारं बारीक हिरवं असतं, ते म्हणजे समुद्राचं शेत. त्या शेताला खत लागतं. ही बारकी मंडळी ते हिरवं खाते आणि तिथल्या तिथे मुतते. त्या मुतावर हिरवं पुन्हा पोसतं. ते पुन्हा खायचं, पुन्हा मुतायचं. आणि शी करतात त्या बारीक लेंड्या खाली तळाला जातात, तळातले किडे त्यांच्यावर जगतात. पुढे कधी पाणी घुसळलं की ते खत पुन्हा वर. म्हणजे एवढा मोठा समुद्र चालतो तो शी-शूवर. आपण मात्र उगाच नाकं मुरडतो.”

साहेबांच्या व्याख्यानात यापेक्षा जास्त काही नव्हतं. फक्त शब्द धुतलेले असायचे.

तर बारकी मंडळी मुतते किती, हे कळायला साहेब पाण्यातला अमोनिया मोजायचे. अमोनिया म्हणजे सार्वजनिक मुतारीत नाकात झोंबतो तोच. पाचही थांब्यांचे आकडे कागदावर मांडले की पहिला, दुसरा, चौथा, पाचवा सगळे सपाट. आणि मधोमध तिसऱ्या थांब्यावर ही भलीमोठी टेकडी. दर मंगळवारी, न चुकता. साहेब त्या टेकडीच्या प्रेमात पडले. तिसऱ्या थांब्याखाली बारक्या मंडळीची काहीतरी खास वस्ती असणार, असं त्यांनी मांडलं. त्यावर निबंध लिहिले, परदेशी जाऊन भाषणं ठोकली, शाल मिळाली, ढाल मिळाली. टेकडीचा मोठा छापील कागद संस्थेच्या दारातच भिंतीवर लावला होता. मामा येता-जाता त्याच्याकडे बघून अभिमानानं म्हणायचे, “आपला थांबा!”

किती आपला, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि एके दिवशी मामांना मुतखडा झाला. खडा चांगला बोराएवढा होता. शस्त्रक्रिया, मग ताप, मग सक्तीची विश्रांती, अशी नऊ आठवड्यांची रजा झाली, बावीस वर्षांतली पहिलीच. बदलीवर आलेला नावाडी अबोल, टापटिपीचा, सगळं घरून आवरून येणारा. चहासुद्धा घेत नसे. त्याच्या पहिल्याच मंगळवारी टेकडी गायब झाली. दुसऱ्या मंगळवारीही नाही. नऊ आठवडे तिसरा थांबा इतरांसारखाच सपाट.

साहेबांची झोप उडाली. बारकी मंडळी मेली, दुसरं काय! कुणीतरी पाण्यात विष कालवलं असणार. मग सुरू झालं साप साप म्हणून भुई धोपटणं. शोधता शोधता त्यांचं बोट एका ठिकाणी जाऊन टेकलं: किनाऱ्यावरची मासे साफ करण्याची शेड. तिथे त्याच महिन्यापासून फरशी धुवायला नवीन पांढरी पावडर आली होती, आणि धुण्याचं पाणी गटारातून समुद्रात जात होतं. साहेबांनी परवाना कार्यालयाला लांबलचक पत्र लिहिलं. कार्यालयातला अधिकारीही तत्पर निघाला. येत्या शुक्रवारी सुनावणी, आणि त्याच दिवशी शेडला कुलूप लागणार.

खरं तर बारकी मंडळी जिवंत आहे की मेली, हे जाळ्यात आलेले जीव मोजून कळलं असतं. पण मोजायचं म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मिशीवाला टिपायचा. ते काम संस्थेत एकटी संशोधक मुलगी करायची. तिला सगळे बाटलीबाई म्हणत. तिच्या कपाटात सहा महिन्यांच्या बरण्या तुंबल्या होत्या. ती म्हणाली, “सर, आधी मोजून तर बघू.” सर म्हणाले, “मोजेपर्यंत समुद्र मरेल.”

त्या शेडमध्ये चाळीस बायका काम करायच्या, आणि त्यांच्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट होती मामांची थोरली बहीण. तिला अख्खी शेड ताई म्हणायची. मामा चार वर्षांचे असताना आई गेली, तेव्हा ताई होती अकरा वर्षांची. वडील दिवसभर बाहेर. हिनंच भावाला न्हाऊ घातलं, भरवलं, मोठं केलं. शेडमध्ये ती पस्तीस वर्षं सुरी चालवत होती. ती शेड गेली तर त्या वयात तिला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? तिच्यासारख्या निम्म्या बायकांची हीच गत होती.

बुधवारी ताई भावाच्या घरी आली आणि दारातूनच कडाडली, “काय रे, तुझ्या साहेबाला दुसरं कुणी सापडलं नाही? चोर सोडून संन्याशाला फाशी! आमच्या पावडरीनं कोण मेलं म्हणे?”

मामा अंथरुणावर उठून बसले. त्यांनी तिला बारक्या मंडळीचं सगळं पुराण सांगितलं. ताई ऐकत होती. मासे कापणाऱ्या बाईला आतडी-कोथळ्याचं काय कौतुक! ती मध्येच म्हणाली, “म्हणजे समुद्र मुतावर चालतो.”

“चालतो.”

“आणि तिसऱ्या ठिकाणीच मूत जास्त.”

“हो. म्हणजे होतं. मी रजेवर गेलो तसं बंद झालं.”

ताई थांबली. डोळे बारीक करून तिनं भावाकडे बघितलं. लहानपणी खिशात चिंचा लपवल्या की ती अशीच बघायची.

“तुझ्या बोटीत संडास आहे?”

“नाही.”

“मग तू कुठे जातोस?”

“पुढच्या टोकाला. दोर बघायला.”

“कितव्या थांब्यावर?”

“तिसऱ्या,” मामा म्हणाले. नांगर टाकलेली बोट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे पडलेलं सगळं बोटीच्या कडेकडेनं वाहत मागे जातं, तेही माहीत होतं. आणि मागे कोण उभं असतं बादली घेऊन, तेही. फक्त बावीस वर्षांत या तीन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

“अरे देवा,” मामा म्हणाले.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” ताईनं कपाळावर हात मारून घेतला. “अरे, साहेबाची टेकडी म्हणजे तूच की रे मुडद्या!”

मामांची पाचावर धारण बसली. साहेबांच्या शाली, ढाली, निबंध, दारातला तो कागद, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलं. ते घाईघाईनं म्हणाले, “ताई, सोमवारी मी कामावर रुजू होतोय. मंगळवारी बोट जाईल, मी नेहमीसारखा दोर बघीन, टेकडी परत येईल. कुणाला काही सांगायला नको. साहेबही खूश, तुम्हीही खूश.”

“शुक्रवारी कुलूप लागणार, आणि तू मंगळवारी मुतणार?” ताई ओरडली. “उद्या पुन्हा खडा झाला की पुन्हा आमच्याच नरड्यावर पाय! काही नाही. शुक्रवारी तू माझ्याबरोबर येतोस आणि सगळ्यांसमोर सांगतोस.”

“काय सांगू? मी मुतलो म्हणून?”

“मग काय, रडलास म्हणून सांगणारेस?”

दोन दिवस मामांना अन्न गोड लागलं नाही. त्यांना साहेबांच्या रागाची भीती नव्हती. साहेबांचा चेहरा पडेल याची होती. साहेबांनी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मामांच्या मुलीच्या लग्नात स्वतः पंक्तीत वाढायला उभे राहिले होते. अशा माणसाच्या उभ्या आयुष्याच्या कमाईवर आपण, अगदी अक्षरशः… छे! मामा कूस बदलायचे आणि पुन्हा तेच आठवायचं.

शुक्रवारी संस्थेच्या सभागृहात साहेब, अधिकारी, बाटलीबाई आणि मागच्या रांगांत चाळीस बायका बसल्या. साहेब टेकडीचे कागद पडद्यावर दाखवत होते. तेवढ्यात ताईनं भावाच्या बरगडीत कोपर मारलं आणि मामा उठले.

“साहेब, ती टेकडी माझी आहे.”

“असं कसं, मामा? टेकडी आपल्या सगळ्यांचीच आहे,” साहेब प्रेमानं म्हणाले.

“तसं नाही साहेब. मी दोर बघायला जातो ना…”

पुढचं मामांनी सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांनाच आठवत नाही. मग मागच्या रांगेत एक बाई फुसकन हसली आणि चाळीसच्या चाळीस फुटल्या. साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा मामांना ज्याची भीती होती तस्साच झाला.

“अशक्य,” ते हळूच म्हणाले. “एका माणसाच्या… एवढ्याशानं… समुद्रात?”

“सर, बादली तिथेच बुडते,” बाटलीबाई चाचरत म्हणाली. “पाणी पसरायच्या आत आपण ते उचलतो.”

साहेबांनी पडदा गुंडाळला. आकड्यांचा माणूस होता तो. रागावला तरी आकड्यांनीच. “ठीक आहे,” ते म्हणाले. “सिद्ध करा. आत्ता, त्याच बोटीवर.”

अधिकाऱ्यानं फाईल बगलेत मारली. ताई म्हणाली, मीही येणार, माझ्याशिवाय काही सिद्ध होणार नाही. ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

निघताना मामांनी टपरीत चार पेले चहा घेतला, वर तांब्याभर पाणी. वाटेत पोट नगाऱ्यासारखं झालं. तिसऱ्या थांब्यावर नांगर पडला. मामा पुढे जाण्याआधीच बाटलीबाईनं मागून एक बादली काढली आणि बाटलीवर लिहिलं, ‘आधी’. मग सगळे मामांकडे बघायला लागले.

“जरा दोर बघून येतो,” मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते वाक्य म्हणताना लाज वाटली.

ते पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मागे साहेब, अधिकारी, बाटलीबाई, ताई, चौघांनी पाठ फिरवली. समुद्र शांत. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली. बावीस वर्षं न सांगता झालेली गोष्ट सरकारी हुकमानं व्हायला तयार होईना. पोट फुटायला आलेलं, पण थेंब नाही. मामांनी इंजिनाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, देवाचं नाव घेतलं, नळ आठवला, धबधबा आठवला. काही नाही. मागून अधिकाऱ्याचा आवाज आला, “अजून किती वेळ? मला तीनला दुसरी सुनावणी आहे.” झालं! उरलंसुरलंही आटलं.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिथून यायला हवं होतं तिथून सोडून भलतीकडून. चाळीस बायकांची भाकरी आपल्या हातात, आणि आपण असे.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“शूऽऽऽ.”

ताई. पाठ फिरवलेलीच होती. क्षितिजाकडे बघत, कंबरेवर हात ठेवून, साहेबांसमोर, अधिकाऱ्यासमोर, भर समुद्रात ती लांब आवाज काढत होती. “शूऽऽऽ. शूऽऽऽ. कर रे बाळा. कुणी बघत नाही. शूऽऽऽ.”

आई गेल्यावर ती रोज संध्याकाळी चार वर्षांच्या भावाला परसात उभा करायची आणि असाच आवाज काढायची, कारण दोघांना अंथरूण एकच होतं आणि ते ओलं झालं तर दुसरं नव्हतं. मामांचं आता साठीला टेकलेलं शरीर ते विसरलं नव्हतं. गुडघे सैल पडले, खांदे उतरले आणि चार पेले चहा धो धो सुटला.

“बादली!” साहेब ओरडले. त्यांनी स्वतःच बादली सोडली.

दोन तासांनी प्रयोगशाळेत बाटलीबाईनं दोन नळ्या उजेडात धरल्या. अमोनिया असला की नळीत घातलेल्या औषधानं पाणी निळं होतं. जेवढा जास्त तेवढं गडद. ‘आधी’ची नळी फिकट, जेमतेम निळसर. ‘नंतर’ची गर्द निळी, शाईच्या दौतीसारखी. मग बाटलीबाईनं एक कबुली दिली: गुरुवारी तिनं न विचारता रजेच्या काळातली एक बरणी उघडून मोजली होती. मिशीवाले जितके पूर्वी होते तितकेच होते. एकही कमी नाही.

अधिकाऱ्यानं फाईल मिटली आणि ताईसमोर हात जोडले. ताई निळ्या नळीकडे बघून म्हणाली, “बघा साहेब, जन्मात पहिल्यांदा यानं सांगितलेलं काम वेळेत केलं.”

साहेबांनी मात्र फिकट नळी उचलली आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ धरून ठेवली. “म्हणजे खरी बारकी मंडळी एवढीच,” ते म्हणाले. “सगळीकडे सारखी. गाजावाजा नाही.” मग वळून मामांकडे बघितलं. “मामा, बावीस वर्षांत एकदा तरी सांगायचंत.”

“तुम्ही विचारलंच नाहीत, साहेब. तुम्ही पाठ फिरवायचात.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दारातला कागद स्वतःच्या हातानं काढला, आणि ज्यांनी ज्यांनी त्यांचे निबंध छापले होते त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. कारण काय लिहिलं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. मंगळवारी मामा बोटीवर चढले तेव्हा पुढच्या टोकाला झाकणाचा एक डबा बांधलेला होता, आणि त्यावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘दोर’.

पण ते सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी संध्याकाळी बहीण-भाऊ धक्क्यावर बसले होते. शेडमधून बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते. पुढचं वर्षभर त्यांना दुसरा विषय मिळणार नव्हता.

“ताई, तुला अजून आठवतं ते?” मामांनी विचारलं.

“काय?”

“ते… शू म्हणणं.”

“न आठवायला काय झालं? मला तरी बाळ म्हणणारं कोण होतं तेव्हा,” ताई म्हणाली. मग तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं जोरात, आणि सुरी घेऊन पाळीला निघून गेली.